गावातली सरकारी आरोग्यसेवा वापरायची कशी : आशाताईंच्या वहीपासून डीएचओंच्या टेबलापर्यंत

सरकारी दवाखान्याबद्दल गावात दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "तिथं काही मिळत नाही." दुसरा म्हणतो, "आमचं सगळं फुकटात झालं." गंमत म्हणजे दोघंही एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल बोलत असतात. बहुतेक वेळा फरक इतकाच निघतो, की दुसऱ्याचं नाव कुठल्या तरी रजिस्टरमध्ये आधीपासून लागलेलं होतं. ही सगळी यंत्रणा नोंदीवर चालते. लस नोंदीवरून येते, बीपीच्या गोळ्यांची मागणी नोंदीवरून जाते, बाळंतिणीचे पैसे नोंदीवरून जमा होतात. म्हणून हा लेख आजारी पडण्याच्या आधीपासून सुरू होतो. तो महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागासाठी आहे, शहराचा उल्लेख ओघात येईल.

कोण कुठे बसतं

सगळ्यात खाली उपकेंद्र. निकषाने ५,००० लोकसंख्येमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे एक. तिथे आरोग्यसेविका म्हणजे आपल्या सिस्टर, आरोग्यसेवक, आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे सीएचओ म्हणतात. पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं, पण जागा तीच. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी : ३०,००० लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात २०,००० मागे. तिथे एमबीबीएस डॉक्टर असायला हवेत. त्याहून वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे तक्रारीच्या वेळी उपयोगी पडेल. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतात, त्यांचे साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ. ग्रामीण रुग्णालयापासून वरचा कारभार मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे सिव्हिल सर्जनकडे. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार घेऊन जिल्हा परिषदेत गेलात तर दिवस वाया जातो.

पैशांचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासणी-औषधांपर्यंत उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आणि महापालिकेचे दवाखाने या निर्णयात नाहीत, तिथे त्यांचे दर लागू. शहरात राहणाऱ्यांना 'आपला दवाखाना' हा जवळचा पर्याय आहे. बऱ्याच ठिकाणी तो रात्री १० पर्यंत उघडा असतो, त्यामुळे रोजंदारीवर जाणाऱ्यांचा खाडा होत नाही.

पहिलं काम : आशाताईंच्या वहीत घर पूर्ण लिहून घ्या

साधारण १,००० लोकांमागे एक आशा असते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा हे पद निर्माण झालं. पण गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचं काम सोपवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं होतं, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या आरोग्यदूत बायका घरोघर जाऊन नवजात बाळं वाचवू शकतात हे दाखवून दिलं होतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे.

आशाताई सर्वेक्षणाला येतात तेव्हा आपण "सगळे बरे आहेत, ताई" म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. त्यांना बसवा आणि घरातलं प्रत्येक नाव वयासह लिहून द्या. नवी सून, माहेरी आलेली गरोदर लेक, अंथरुणाला खिळलेले आजोबा, पुण्या-मुंबईला असलेला पण सणाला येणारा मुलगा, सगळे. शेतावर राहणारं सालगडी कुटुंब किंवा वीटभट्टीवर आलेली माणसं कुणाच्याच यादीत नसतात, त्यांची नावं मालकाने सांगायला हवीत. कुणाला फिट येते, कुणाला दम लागतो, कुणाची दारू सुटत नाही, हेही सांगून ठेवा. आशाताईंना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो आणि तोही अनेकदा उशिरा, तेव्हा त्यांच्याशी बोलताना त्या सरकारी नोकर असल्यासारखा हुकूम सोडू नये, एवढं माझं मत इथेच नोंदवतो.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र आणि आरोग्य-पोषण दिवस असतो. तो आपल्या गावात कोणत्या वारी असतो हे विचारून घरातल्या कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी सिस्टर गावातच असतात, पाच किलोमीटर जायची गरज पडत नाही.

तिशीनंतरची तपासणी

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी उपकेंद्रावर व्हायला हवी. बायकांची त्याशिवाय स्तनांची आणि गर्भाशयमुखाची. त्याआधी आशाताई एक फॉर्म भरतात : तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला शुगर आहे का. तंबाखूचा प्रश्न आला की पुरुषमंडळी हमखास खोटं बोलतात. गायछापची पुडी खिशात आणि तोंडाने "नाही". हा फॉर्म पोलिसात जात नाही. तोंडात पांढरा चट्टा आहे, तोंड पूर्ण उघडत नाही, हे लवकर कळलं तर उपाय असतो.

बीपी-शुगर निघाली तर गोळ्या उपकेंद्रावरच मिळतात. सीएचओ ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देऊ शकतात. सोबत एक साधी वही ठेवा, तारीख आणि रीडिंग लिहून घ्या, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. एकदा नाव लागलं की तुमच्या वाटणीच्या गोळ्या मागणीत धरल्या जातात. वर्षातून एकदा जाऊन "आहेत का गोळ्या" विचारणाऱ्याला मिळतीलच असं नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर बेडका तपासा. टीबी निघाला तर औषधं मोफत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये उपचार संपेपर्यंत खात्यात जमा होतात. त्यासाठी बँक पासबुकाची झेरॉक्स पहिल्याच दिवशी द्या.

बाळंतपण, आणि ऊसतोडीला जाताना

दिवस राहिल्याचं कळल्यावर १२ आठवड्यांच्या आत नोंद करा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल, ते जपून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, १०२ नंबरची गाडी, सगळं मोफत. अटींत बसणाऱ्या आईला मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. खातं आईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. नवऱ्याच्या खात्याची झेरॉक्स दिली की फाइल परत येते.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात तेव्हा नेमकं हेच कार्ड घरी राहतं. गाडीत भांडी भरायच्या आधी ते कार्ड, रेशनकार्ड आणि बाळाची लसीची नोंद एका पिशवीत घाला. आशाताईंना कोणत्या कारखान्यावर चाललो, तालुका कोणता, परत कधी येणार, हे सांगून जा. तिकडच्या अंगणवाडीत आणि पीएचसीत त्या बाईची तपासणी आणि बाळाची लस व्हायलाच हवी. "तुम्ही इथले नाही" हे लस नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. मुकादमाला याची जबाबदारी द्या. उचल मोजताना तो हिशेब चोख ठेवतो, कार्डाचाही ठेवेल.

रात्रीची इमर्जन्सी : साप, विंचू, कुत्रं, फवारणी

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच माणसं जातात.

१०८ ला फोन लावला की आधी गाव, तालुका आणि ठळक खूण विचारतात. "मारुतीच्या देवळाजवळ" पुरत नाही, कारण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात आहे. मुख्य रस्त्याचं नाव, फाटा, किती किलोमीटर आत, हे घरात एका कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. गाडीला वेळ लागणार असेल तर आपल्या वाहनाने निघा आणि वाटेत गाठ पडेल असं बोला.

सर्पदंशात चावलेला अवयव हलवू नका, फळी किंवा काठी लावून स्थिर ठेवा. अंगठी, पैंजण, बांगड्या काढा. घट्ट दोरी बांधणं, चिरा पाडणं, चोखणं, मिरची खाऊ घालणं, देवळात नेऊन झोपवणं यांतलं काहीही करू नका. साप मारून सोबत न्यायचा अट्टहासही नको, त्यात दुसऱ्याला चावण्याची भीती. वेळ मात्र घड्याळात बघून लिहून ठेवा. आपल्याकडे प्राण घेणारे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. प्रतिविष या चारांविरुद्धच बनतं. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दुखत जवळजवळ नाही. पहाटे पोटात दुखतंय, घसा धरला, पापण्या मिटतायत अशी तक्रार घेऊन जमिनीवर झोपलेला माणूस उठला तर पित्त समजून वेळ घालवू नका.

प्रतिविष पीएचसीत असायला हवं. तुमच्या पीएचसीत आहे का, हे पावसाळ्याआधी जाऊन विचारा. किती व्हायल, म्हणजे औषधाच्या बाटल्या, शिल्लक आहेत हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, त्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवण्याची साधी चाचणी पीएचसीतही होते. पुढे पाठवायचं ठरलं तर विनंती करा : लक्षणं असतील तर प्रतिविष इथेच सुरू करा, आणि चिठ्ठीवर किती व्हायल दिल्या, किती वाजता, हे लिहा. नाग-मण्यारीत श्वास बंद पडू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे गावाला आधीच माहीत हवं.

लाल विंचू चावून घाम, उलटी, हातपाय गार असं सुरू झालं तर तीही इमर्जन्सी आहे. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे मृत्यू किती कमी होतात हे दाखवलं, आणि ती पद्धत जगाने घेतली. कोकणातल्या पीएचसीत ही गोळी नसेल तर जाब विचारलाच पाहिजे.

कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची नको. लस त्याच दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही धरतात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. ते पीएचसीत नेहमी नसतं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. पहिल्या दोन सुया घेऊन बरं वाटलं म्हणून थांबणारे बरेच भेटतात, आणि रेबीज झाल्यावर उपाय उरत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून तरी हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं : कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो दवाखान्यात न्या. डॉक्टरांना कोणतं रसायन हे कळलं की उपचाराची दिशा ठरते.

मोठा खर्च आला तर

महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आता पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही रेशनकार्ड असलेल्यांना लागू आहे, आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. अडचण योजनेत नसते, क्रमात असते. लोक आधी दाखल होतात, अनामत भरतात आणि तिसऱ्या दिवशी "योजना चालते का" विचारतात. तुम्ही आधी १५५३८८ वर फोन करून तो आजार योजनेत आहे का आणि जवळचं अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालय कोणतं हे विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते तिथेच कळेल. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा. इमर्जन्सीत कागद मागाहून देता येतात, पण त्याच दिवशी त्याच्याकडे नोंद करा. रेशनकार्डावर रुग्णाचं नाव नसणं, आधारवर आडनाव वेगळं असणं, यात अर्धे दावे अडकतात. तहसील कार्यालयातलं ते काम घरात सगळे धडधाकट असताना उरका.

योजनेबाहेरचा आजार असेल तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, रिसेप्शनवर विचारून उपयोग होत नाही.

मनाचं दुखणं

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र आणि मराठीतून. फोन करणाऱ्याला आपलं गाव-आडनाव सांगावंच लागतं असं नाही. गावात झोप उडालेला, जेवण टाकलेला, "आता काय उरलंय" म्हणणारा माणूस दिसला तर आशाताईंना आणि सीएचओंना सांगा. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, गोळ्या मोफत असतात. आणि त्याच दिवशी त्या घरातलं फवारणीचं औषध भावकीतल्या दुसऱ्या घरी कुलपात ठेवा. एका क्षणाला हाताशी बाटली नसली तर तो क्षण टळतो, हे या क्षेत्रात काम करणारे पुन्हा पुन्हा सांगतात.

पाणी : गावाच्या हातातलं काम

जुलाब-काविळीची साथ आली की पीएचसीची गाडी येते, पण साथ थांबवणं ग्रामपंचायतीच्या हातात असतं. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, जलसुरक्षक टाकतो. ती टाकली की नाही हे तपासायला ओटी चाचणी असते : नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंग आलाच नाही तर क्लोरीन पोचलेलं नाही. ही चाचणी टाकीजवळ करून उपयोग नाही, गावाच्या शेवटच्या नळावर करायची. बहुधा तो नळ वस्तीत किंवा वाडीत असतो, आणि साथ तिथूनच सुरू होते. टीसीएलची पिशवी महिनोन्‌महिने उघडी पडली तर क्लोरीन उडून जातं आणि उरते नुसती चुन्याची भुकटी. पिशवीवरची तारीख बघा.

पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होऊन गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कोणतं आहे हे ग्रामसेवकांना विचारा. लाल असेल तर त्याचं कारण लेखी असतं : विहिरीला कठडा नाही, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी, पाइप गटारातून गेलेला. डेंग्यूचं म्हणाल तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, रांजण-टाक्या उपसून घासा, आणि मोठ्या टाक्यांसाठी आरोग्यसेवकांकडे गप्पी मासे किंवा डासांच्या अळ्या मारणारं अबेट मागा. धूर फवारणीने डास दोन दिवस पळतात आणि फोटो चांगले येतात, एवढाच तिचा महिमा.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. केंद्राच्या निकषाने तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, निधी कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. प्रश्न तोंडी विचारला तर हशा होतो, लेखी दिला तर इतिवृत्तात जातो.

सेवा नाकारली तर

डॉक्टर जागेवर नव्हते, बाहेरून औषध आणायला लावलं, पैसे मागितले. अशा वेळी भांडण उकरू नका. सिस्टरवर ओरडून गोळी येत नाही. चिठ्ठी, बाहेरच्या मेडिकलचं बिल, केस पेपर यांचे फोटो काढा. मग साध्या कागदावर असं लिहा :

"मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, (गाव). विषय : औषध उपलब्ध न झाल्याबाबत. मी (नाव), राहणार (गाव). दिनांक (…) रोजी सकाळी (…) वाजता केस पेपर क्र. (…) काढला. लिहून दिलेलं (औषध) मिळालं नाही, बाहेरून (…) रुपयांना आणावं लागलं. बिलाची प्रत जोडली आहे. हे औषध कधी उपलब्ध होईल हे लेखी कळवावं."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घ्या. आवक क्रमांकाशिवाय अर्ज दिला नाही असंच समजा. पंधरा दिवस थांबून काही झालं नाही तर तीच प्रत जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. ग्रामीण रुग्णालयाचं असेल तर सिव्हिल सर्जनना. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. २००७ पासून राज्यात लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, तेव्हा जनसुनवाईत अशाच कागदांच्या जोरावर बंद पडलेली उपकेंद्रं उघडली गेली. नुसत्या "हाल आहेत हो" ला अधिकाऱ्यांकडे उत्तर तयार असतं, तारीख-वेळेच्या कागदाला नसतं.

शेवटचा उपाय माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. "औषधं का नाहीत" असा प्रश्न विचारू नका, त्याला "मागणी केली आहे" असं उत्तर येतं. "गेल्या सहा महिन्यांच्या औषध साठा नोंदवहीची प्रत आणि जिल्हा औषध भांडाराकडे केलेल्या मागणीपत्रांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मागणीच गेली नसेल तर चूक पीएचसीत आहे, मागणी जाऊन माल आला नसेल तर जिल्ह्यावर, आणि पुढचा अर्ज कुणाच्या टेबलावर टाकायचा हे त्या दोन कागदांवरून ठरतं.